आज्याची फूटपट्टी

अमरावती
२ नोव्हेंबर २०२५

ती. प्रियदर्शनीताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि. फोनवर तू लगेच रडतेस आणि मी लगेच भडकतो, म्हणून हा कागद.

तू विचारलंस, विमानं एवढी पुढं गेली आणि मी धावपट्टीवर ती पुसत काहून बसलो? कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याले हेच काम भेटते. दुसरं कारण तुले माहीत आहे, करिश्मा इथं उडायला शिकून राहिली. पण ताई, पुढं गेली म्हणजे काय? मोठी गेली असतील. आमच्या दोन सीटच्या विमानाचं इंजिन आज्याच्या जवानीतलंच आहे. पेट्रोल किती, ते टाकीत काठी बुडवूनच पाहायचं. काट्यावर कोणाचाच भरवसा नव्हता. इथल्या फ्लाइंग स्कूलची काठी मोडली तेव्हा इथंच उडायला शिकवणाऱ्या आपल्या प्रीतमदादानं आज्याची अकोटच्या कापूस जिनिंगमधली लाकडी फूटपट्टी आणून तिच्यावर खुणा पाडल्या. मोजून झालं की पंखावर दोनदा टकटक करायचा, मग मोठ्यानं आकडा सांगायचा.

दादा जाऊन दीड वर्ष झालं. सकाळी पंख पुसताना टकटक अजून ऐकू येते. आकडा येत नाही.

दहा तारखेच्या सोमवारी करिश्मा पहिल्यांदा एकटी उडणार. आता नवीन स्क्रीन बसवली आहे, तिच्यात थेंबन्‌थेंब दिसतो म्हणे. मी म्हटलं, तरी काठी बुडव. हसली, म्हणाली की सरांचा भाऊ सरांआधीच म्हातारा झाला. काहून बुडवायची, ते सांगायची हिंमत नाही. तुलेही कधी सांगितलं नाही.

भाऊजींना जय भीम. पुढं काहीही कळलं तरी माया पातळ करू नको.
तुझा,
धम्मदीप


अकोला
५ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मदीपास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तुझे भाऊजी म्हणतात, पोरीपायी गडी विमानं धुते, घरी कधी बशी धुतली नाही.

पार्सलमधली वस्तू ओळखशील. दादाच्या पुण्यानुमोदनाला आले तेव्हा तुझ्या गादीखाली सापडली. तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही.

मले सगळं माहीत आहे रे. आदल्या सांजेला दादाचा फोन होता. तू कॉलेज सोडलं हे त्यानं करिश्माले सांगितलं म्हणून तू भांडलास, आजा माझाही होता म्हणून फूटपट्टी घेऊन गेलास. दादा हसत होता, उद्या राग उतरला की आणील म्हणे. मीही हसले. फूटपट्टीशिवाय उडू नको, एवढं म्हणाले नाही. सकाळी तो काटा पाहून एकटाच उडाला आणि रिकाम्या टाकीनं तूर काढलेल्या वावरात पडला.

पेट्रोल घडीभरात उडून जाते म्हणतात. दीड वर्ष ही माझ्या साड्यांखाली होती, अजून साड्यांना वास येते.

ती तुझ्याशी पुन्हा बोलो न बोलो, तिले फूटपट्टी दे आणि काहून ते सांग. वेळेवर जेवत जा.
रागावले तरी तुझीच,
ताई


अमरावती
११ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. सांगितलं. विमानाजवळ उभं राहून सगळं सांगितलं. करिश्मानं फूटपट्टी हातातून ओढून घेतली, पंखावर चढली, दोन्ही टाक्यांत बुडवली. स्क्रीनवर होतं तेवढंच निघालं. मशीन खरं बोलत होती ताई, एवढी तरी पुढं गेली.

ती उडाली, नीट उतरली. माझ्याकडं पाहिलं नाही. फूटपट्टी दादा ठेवायचा तिथंच, सीटच्या मागं ठेवली आणि निघून गेली. आता पुसायला मले दुसरं विमान द्या म्हणून मी स्कूलच्या साहेबांना सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

टकटक थांबली, असं तुले लिहायचं होतं. थांबली नाही. आज सकाळी जवळ कोणी नव्हतं, फूटपट्टी सीटमागं होती, तरी पंखावर दोनदा वाजली. मग मी वर चढलो, मोजलं, आणि रिकाम्या धावपट्टीवर मोठ्यानं आकडा सांगितला.

उद्याही सांगीन.

आहे तेवढा जीव लावत राहा.
तुझा,
धम्मदीप