पाळणा रिकामा नको म्हणून

५ मार्च १९८४, आरे कॉलनी
आलो एकदाचे. यांना डेअरीत नोकरी, म्हणून हे क्वार्टर. लालबागच्या खोलीत हात पसरला की भिंत लागायची, इथे वारा लागतो. मलाही काम मिळालंय. प्राणिशास्त्राच्या श्यामकांत सरांच्या पुस्तकासाठी जाळी विणणाऱ्या कोळ्यांची चित्रं काढायची. स्टेगोडिफस ही एकच प्रजाती, तिच्या आपल्याकडच्या चार जाती, सगळ्या मटारच्या दाण्याएवढ्या. तीन जाती बाटल्यांतून आल्यात, चौथी इथल्या झुडपांत शोधायची. पाळणा खिडकीपाशी टांगला.

९ मार्च
सापडली. करवंदीच्या जाळीत चुरगळलेल्या कागदासारखं घरटं, आत आई आणि मोहरीएवढी पिल्लं. सर लिहितात, आई पोटातलं ओकून त्यांना भरवते. शेवटी पिल्लं तिलाच खातात आणि ती हलत नाही. वाचून रडूच आलं. माझी मुलगी ऑगस्टमध्ये अकरा दिवसांची होऊन गेली. बाराव्या दिवशी बारसं होतं.

१० मार्च
दुपारी पाळण्याला हात लावला तशा शेजारच्या मालनबाई दारातूनच म्हणाल्या, "नको गं बाय हलवू, रिकामा हाय तो." बरोबरच आहे, रिकामा पाळणा हलवू नये.
चित्रासाठी पिल्लांच्या आईला स्पिरिटमध्ये घालावं लागलं. फार वेळ काचेवर धडपडत होती. पोरकी पिल्लं घरट्यासकट पाळण्यात ठेवली. आता तो रिकामा नाही. झोका दिला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१४ मार्च
पिल्लं माश्यांना तोंड लावत नाहीत. झोका दिला की कडेला येऊन माझ्याकडे बघत थांबतात. उपाशी कशी ठेवू? बोट पुढे केलं. दुखलं नाही. बोट पांढरं पडलंय.

१७ मार्च
मटाराएवढी झाली, इतक्यात. पायांवरच्या पट्ट्या चारांपैकी एकाही जातीशी जुळत नाहीत. हे म्हणाले, जाळून टाकतो. मी पाळण्यापुढून हलले नाही. हे रागाने भावाकडे निघून गेले. मला पुन्हा दूध आलंय —

१९ मार्च
उजवा हात मेला. डाव्याने लिहितेय. मालनबाई दार वाजवून गेल्या, उठता आलं नाही. पाळणा आपोआप हलतो — पिल्लंच धागे ओढतात — मी जवळ यावं म्हणून —

२१ मार्च
पिल्लं पाळण्यात आल्याचा बारावा दिवस. पाळण्याखाली पडलेय. ती उतरतायत. भीती वाटते, फार. पण पिल्लांपुढे आई हलत नाही —
आज नाव तरी ठेवते. इतके महिने कुणाला सांगितलं नाही. माझ्या पोरीचं नाव —