पाच वर्षांची हमी

३ फेब्रुवारी

आज पुन्हा बाबा मुके! सकाळी अपडेट आलं, कॉम्प्युटर सुरू झाला, आवाज मात्र गायब. आजाराने त्यांची वाचा नेली. उरला डावा अंगठा. तो बटण दाबतो, पडद्यावर एकेक अक्षर निवडतो, मग वाक्य कॉम्प्युटर बोलतो. दिवसभर ते माझ्याकडे बघत होते आणि मी पडद्याकडे.

धाकट्या भावाला फोन केला. लांब बसून शहाणपणा — ताई, कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्सची अगदी ताजी आवृत्ती आहे, थोडी अडखळणारच. अडखळतं ते बाबांचं बोलणं, त्याचं नाही!

५ फेब्रुवारी

आवाज आला. बाबांचं पहिलं वाक्य : 'चहा गार झाला.' परवाचा! मी हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले.

९ फेब्रुवारी

ठरलं. ताजी काढून स्थिर आवृत्ती घालायची. पाच वर्षं काही बदलणार नाही, फक्त सुरक्षेची डागडुजी — बनवणाऱ्यांची तशी हमीच आहे. आई म्हणाली, जुनं ते सोनं. तिला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी बरं वाटलं.

धाकटा चिडला; फोन स्पीकरवर, बाबा शेजारीच. कॅमेरा लावून नुसत्या नजरेने अक्षरं निवडायची सोय ताज्यात नुकतीच आलीय, स्थिरमध्ये यायला काही वर्षं जातील. म्हटलं, अंगठा आहे ना अजून? मला नवलाई नको, झोप हवी. रोज उठून तीच धाकधूक — आज बाबा बोलतील की नाही. सल्ले द्यायला सगळे, निस्तरायला मी एकटी.

१० फेब्रुवारी

दमले. उद्या घालते.

११ फेब्रुवारी

पेन ड्राइव्ह लावला. बाबांना सांगितलं, आता पाच वर्षं डोक्याला ताप नाही. त्यांनी लगेच बटणावर अंगठा ठेवला. म्हटलं, लिहा, तुमचं झालं की सुरू करते.

आज फारच वेळ लावतायत. अंगठा सारखा घसरतोय, चुकलेलं अक्षर खोडतात, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, चहाच मागत असतील. आणून ठेवला. त्यांनी बघितलंही नाही. जेवणं उरकली, अजून लिहितायत. शेवटी आईने निजवलं, वाक्य अर्धंच राहिलं. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवलाय.

१२ फेब्रुवारी

सकाळी वाक्य पुरं झालं.

'अंगठा दमला. पाच वर्षं कोणासाठी? डोळ्यांचं ठेव.'

पेन ड्राइव्ह काढला. मग बाबांना पहिल्यांदाच विचारलं — कॅमेरा कुठे लावू?