बाण नसलेल्या बनाआत्या

मु. येरमाळा,
ता. ९ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप बनाआत्यांस, बलभीमचा तुमच्या ईट गावाच्या दिशेनं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? विहिरीचं विचारत नाही. औंदा कुणालाही विचारलं तरी माणूस तोंड फिरवतो.

मी कारखान्यात कॉम्प्युटरवर बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (दादा अजून लोकांना टाइपरायटर सांगतात, त्यांना ते जास्त भरवशाचं वाटतं.) कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती पाळीची यादी आमचं यंत्र काढतं. त्याचा प्रोग्राम पुण्याच्या एका साहेबांनी लिहिला आणि ते नोकरी सोडून गेले. आत साठ तुकडे. एकानं दुसऱ्याला हाक मारायची, त्यानं उठून आपलं काम करायचं, मग पुढच्याला हाक मारायची. हाक आली नाही तर बसून राहायचं. कोण कुणाला हाक मारतं, हे साहेबांबरोबर पुण्याला गेलं. म्हणून मी छपाईचे पाठकोरे कागद भिंतीला चिकटवून नकाशा काढला: तुकडा म्हणजे चौकोन, हाक म्हणजे बाण. आकडे ध्यानात राहीनात, तेव्हा चौकोनांना घरातल्यांची नावं दिली. साऱ्यांना हाका मारत सुटणारे ते दादा. एका कामाला तिघांना उठवणारी ती पुतळाकाकू. (संचालक महालिंगप्पांना वाटलं, हा निवडणुकीच्या गटांचा नकाशा आहे. आपल्याकडं किती बाण येतात ते बघायला दोनदा येऊन गेले.)

एका चौकोनाकडं मात्र एकही बाण येत नव्हता. त्याला मी तुमचं नाव दिलं. रागावू नका. बैलजोडीवरून तुम्हा बहीण-भावाचं, तुमचं नि दादांचं, भांडण झालं तेव्हापासून नऊ वर्षं तुम्हाला आमच्या घरचं आवतन नाही, ताईच्या लग्नाचंसुद्धा नाही. नाव लिहिलं आणि लई वाईट वाटलं. वाईट वाटून काय केलं, तर तो तुकडा यंत्रातूनच पुसून टाकला. ज्याला कुणी बोलावत नाही तो कशाला ठेवायचा, असा विचार केला.

परवा जुने कारकून कल्याणप्पा म्हणाले, "बलभीम, औंदा दुष्काळाचा तुकडा लावा की." तो म्हणे कुणाच्याच हाकेनं उठत नाही. विहिरी आटल्या की माणसानंच कीबोर्डवर नाव मारून त्याला बोलवायचं, मग पाणी संपलेल्यांचा ऊस आधी तुटतो. माझ्या नकाशात यंत्रातले बाण होते, माणसाचा हात नव्हता. पंधरा दिवसांत गाळप सुरू होईल. तो तुकडा मिळाला नाही तर कोरड्या विहिरीवाल्यांचा ऊस मार्चपर्यंत उभ्यानं वाळेल, आणि तो माझ्यामुळं. बहात्तरला तुम्ही न बोलावता ज्वारीचं पोतं घेऊन आला होतात, हे आईनं काल पुन्हा सांगितलं. दादा ऐकत होते.

आपला,
बलभीम

ता. क. : पंचमीला धाडलेलं माझं पत्र कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर होतं. त्याच्या पाठीमागं जे छापलंय तोच तो तुकडा. दुसरी प्रत कुठंच नाही. माझ्या बाजूला काही विशेष नव्हतं, ती वाचली नसली तरी चालेल.

ता. क. दुसरा : कागद पोस्टानं पाठवू नका, स्वतः घेऊन या. दादांना विचारलं. ते म्हणाले, "तिचा गुडघा दुखतोय, स्टँडवर म्या जातो." (गुडघ्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.) तर हे साऱ्या घराला चूलबंद आवतन समजा. घरात तुम्ही एकट्याच, तरी चूलबंदच. आणि तो कागद सापडेपर्यंत खरंच चूल पेटवू नका.