मूठभर मीठ

प्रिय बिल्या,

कापड रंगवायच्या निळीच्या खड्ड्यांचं पान मी लिहिलं. टोप्यांच्या भरतकामाचं, खोगिराचं, आपल्या कानो शहराच्या मातीच्या भिंतींचंही मीच, मोबाईलवर एका बोटानं. आपल्या हौसा भाषेच्या ऑनलाइन विश्वकोशात टाकण्याआधी प्रत्येक ओळ कारागिरांना वाचून दाखवली.

तू मात्र सर्वांत जास्त पानं लिहिण्याच्या स्पर्धेसाठी मशीनकडून भाषांतर करवून ढिगानं पानं टाकलीस. तिथली तपासणी माझ्याकडे आहे. ती सुरू करायच्या आतच शेजारची तलातू तुझं जुलाबांचं पान वाचून बाळासाठी मीठ-साखरेचं पाणी कालवत होती. पानावर चिमूटभर मिठाच्या जागी मूठभर! मी पेला हिसकावून ओतून दिला.

मग तुझा फोन आला. "काय रे माझ्या गुलामा, मालकाची पानं पास कर!"

"मालकांनी आधी मीठ मोजायला शिकावं."

"मामेभावावर रागावतोस? लाज विकून खाल्लीस?"

आते-मामेभावांनी एकमेकांची टोपी पळवावी, शिव्या द्याव्यात, पण रागवायचं नाही, ही आपली रीत. म्हणून हे पत्र पाठवणार नाही. टोपी माझी होती तेव्हा मी हसलो. बाळ तलातूचं आहे.

तुझी सगळी पानं मी काढली. जुलाबांचं पान आज दवाखान्यातल्या नर्सबाईंसमोर बसून नव्यानं लिहिलं. बाकीचीही एकेक करून लिहीन.

पानं राहू दिली तर बक्षिसातला अर्धा वाटा माझा, असं तू हसत हसत म्हणालास. म्हणजे माझ्या वाट्याला दोन लाख नायरा. मी न हसता नाही म्हटलं.

तुझा आतेभाऊ,
लावान