पत्र्याच्या कूलरचा करंट

नागपूर, मे १९७५, मंगळवार

कूलरमध्ये पाणी भरताना आज परत झटका बसला. वायरमनने टेस्टर लावला, तर दिवा पेटला. "साहेब, याले अर्थिंग नाही. आजच करून घ्या."

हे म्हणाले, "काही होत नाही गा. तिले उगाच घाबरायची सवय आहे."

वायरमन जाताना मला म्हणाला, "वहिनी, रबरी चप्पल घालून भरत जा." लगेच सासूबाई, "चप्पल? घरात नाही चालत वं!" म्हणजे मी अनवाणीच. मरू का?

संध्याकाळी सासूबाईच बादली घेऊन कूलरकडे गेल्या, तर हे भरल्या ताटावरून ओरडत उठले, "आई, हात नको लावू, करंट आहे त्याच्यात!"

म्हणजे माहीत आहे यांना.

सासूबाईंच्या हातातली बादली काढून यांनी माझ्या हातात दिली. चप्पल दाराबाहेरच होती.