आवाज बंद केला की

रविवार, १२ मे २०२४, दुपारी साडेतीन
मांजलपूर, बडोदे

प्रिय दत्तात्रेय,

तुझ्या आणि मुग्धाच्या साखरपुड्याच्या पाकिटांवर नावं घालत होतो. तुझ्या घरचं पाकीट आलं आणि पेन थांबलं.

पोकर मला तूच शिकवलास. हातात दोन राजे आले आणि टेबलावर उघडलेल्या तीन पानांत एक्का नसला, तर लगेच पैसे लावायचे. “लोभ नको करू, बका, समोरच्याला पुढचं पान फुकट दाखवू नकोस.” आपण आपापल्या घरून, फोनवर गप्पा मारत, ॲपच्या एकाच टेबलावर बसायचो. मोठी जोडी आली की माझा श्वास वाढतो. तो तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी कॉलवर माझा आवाज बंद करायचो. मग तू म्हणायचास, “झोपलात काय, मेहुणे?”

त्या टेबलावर ‘सूरसागर’ नावाचा एक अनोळखी खेळाडू असे. मी आवाज बंद करून पैसे लावले, की तीन पानं उघडताच तो पत्ते टाकायचा. मी बोलत असलो, की मात्र रक्कम चढवत न्यायचा. राजांवर मला कधी शंभराच्या वर मिळाले नाहीत. बाकी सगळं त्याच्याकडे गेलं. मी आपला नशिबाला बोल लावत राहिलो.

काल माझ्या हातात अठ्ठी आणि तिर्री होती. निव्वळ कचरा. मुद्दाम आवाज बंद केला. टेबलावर गुलाम, चौकी, दुर्री उघडली. मी पैसे लावले आणि सूरसागर पळाला. पुढच्या कचऱ्यावर पुन्हा तेच केलं, पुन्हा पळाला. माझी पानं त्याला दिसत असती तर तो पळाला नसता. त्याला फक्त माझं गप्प होणं कळत होतं, आणि कॉलवर तुझ्याशिवाय कोणी नव्हतं.

सूरसागर तू आहेस, हे मी गिळलं असतं. पण आज सकाळी माझ्यासमोर टेबलावर पडलेल्या मुग्धाच्या फोनवर ॲपचा संदेश आला, सूरसागरच्या खात्यातून पैसे काढल्याचा. हॉलच्या बुकिंगला म्हणून तिचं पॅनकार्ड तू नेलं होतंस, ते आठवलं. म्हणजे खातं तिच्या नावावर. पण खातं उघडायचा ओटीपी तर तिच्याच फोनवर येतो ना? तिने संदेश पाहिला, फोन पालथा ठेवला आणि मला विचारलं, “दादा, चहा टाकू?” तिला विचारायची माझी हिंमत नाही, म्हणून तुला विचारतो. तिला तू फसवलंस, की तुम्ही दोघांनी मला? संध्याकाळपर्यंत सांग. नाहीतर बाबांना सांगावं लागेल.

माझे गेले चौदा हजार दोनशे. त्यातले पाच हजार रमाकांतकाकांकडून उसने घेतलेले.

अजून तरी तुझाच,
इंद्रनील