पलीकडचं चाक

प्रिय प्रकाश,

चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणायचे आणि घरात 'तू'. हे पत्र घरातलंच आहे, म्हणून तू.

आज रफिकभाईंच्या गॅरेजवर जाऊन आले. तिथं जे झालं ते कोणाला सांगावं, याचा विचार करतच परत आले. मुक्ताला पुण्याला फोन केला असता, तर ती म्हणाली असती, "आई, ती पिकअप विकून टाक ना एकदाची." आईंसमोर तुझं नाव निघालं की त्या उठून देवघरात जातात. डायरी आहे, पण डायरी रफिकभाईंना ओळखत नाही. तू ओळखतोस. म्हणून तुला लिहिते आहे.

तू गेल्यावर दोन महिने गाडी त्यांच्याकडेच होती. मला ती दारात उभी बघवत नव्हती. त्यांनी तिच्यावर ताडपत्री घातली, आठवड्यातून एकदा चालू करून ठेवली. मी न्यायला गेले तेव्हा टायरमध्ये हवासुद्धा भरलेली होती. हे आधी सांगते, कारण पुढे जे वागले, ते मी या माणसाशी वागले आहे.

पावसाळा लागला तशी मी दर रविवारी करमाडच्या आपल्या बागेत एकटी जायला लागले. मी जाईन असं तुला वाटलं होतं का? मलाही नव्हतं. डांबरी सोडली की ओढ्यापर्यंतची ती काळी माती. पाऊस झाला की तिथं फोर व्हीलशिवाय गाडी निघत नाही, हे तुझंच म्हणणं. म्हणून मी सगळं तुझ्या पद्धतीनं केलं. डांबरीच्या कडेला थांबले, खाली उतरले, पुढच्या चाकाच्या मधोमध असलेली हबची चकती फिरवून 'लॉक'वर आणली, वर चढले, फोर व्हीलचा छोटा लिव्हर ओढला. समोर हिरवा दिवाही लागला. आणि ओढ्याच्या चढाला गाडी रुतली. मागची चाकं जागच्या जागी चिखल उडवत होती, पुढची ढिम्म हलेनात. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी जाफर गेटला गॅरेजवर गेले. रफिकभाईंनी पहिला प्रश्न विचारला, "भाभी, हब लॉक केले होते ना?"

"हो."

मी खोटं बोलले नव्हते, प्रकाश.

मग ते गाडीखाली झोपले. लिव्हरचा रॉड पाहिला, ऑइल पाहिलं, पुढचा शाफ्ट हलवून पाहिला. शेवटी स्वतः हब लॉक करून गॅरेजमागच्या मातीच्या ढिगावर गाडी चढवली. "देखो भाभी, बकरी जैसी चढ गई. गाडीत काही नाही."

नंतर चहा आला. त्यांनी शेल्फवरचा काचेचा ग्लास काढून दाखवला. त्यात एक बोल्ट. तू त्यांच्या मागे लागून गिअर बॉक्स स्वतः उघडलास, परत जोडलास आणि हा एक उरला, तोच. "प्रकाशभाई बोले, कंपनीने जास्तीचा दिला असेल," असं म्हणून ते इतके हसले, की मीही हसले. तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. ते एकटेच मोठ्यानं बोलत. मी गेले की दर वेळी एखादी गोष्ट निघायची, मला ठाऊक नसलेली. खरं सांगू? गाडीचं निमित्त असायचं. मी तेवढ्यासाठी जायचे.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा रुतली, त्याच चढाला. सोमवारी ती पुन्हा त्यांच्या ढिगावर चढली. त्याच्या पुढच्या रविवारी परत तेच.

तिसऱ्या सोमवारी मी त्यांना विचारलं, "रफिकभाई, दोन महिने गाडी तुमच्याकडे होती. आतलं काही काढून दुसरं घातलं तर नाही ना कोणी?"

'कोणी' असं म्हणाले. आवाज चढवला नाही, वर्गात कॉपी धरल्यावर बोलते तशी बोलले. त्यामुळे ते जास्तच लागलं असावं. गॅरेजमधल्या इतर माणसांचे हात थांबले. रफिकभाईंनी चिंधीला बोटं पुसली, एकेक बोट, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "आप जिसको चाहो दिखा लो," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी डायरीत लिहिलं, 'माणूस गेल्यावर लोक बदलतात.' किती शहाण्यासारखं वाक्य.

नंतरच्या रविवारी डांबरीच्या कडेला तिथल्याच वस्तीवरची गयाबाई बांधावर गवताचा भारा बांधत होती. मी उतरले, चकती फिरवली, वर चढायला लागले. ती तिथूनच ओरडली, "ताई, आन् पल्याडचं?"

"पल्याडचं काय?"

"पल्याडचं चाक कोन फिरवनार? साहेब त्येंच्या बाजूचं फिरवायचे, तुमी तुमच्या. लई वर्सं बघितलंय मी. आता तिकडून तर कुनी उतरलंच नाय."

वर ठेवलेला पाय मी खाली घेतला. हब म्हणजे माझ्यासाठी एकच गोष्ट होती: उतरायचं, आपल्या दाराजवळच्या चाकाची चकती फिरवायची, चढायचं. एवढंच माझं काम. मी चढेपर्यंत तूही दुसऱ्या दारानं चढलेला असायचास आणि गाडी निघायची. पुढची दोन्ही चाकं लॉक केली तरच पुढून जोर लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण दुसरं कधी मी केलंच नव्हतं, ते आपोआप झालेलं असायचं. आता मी तुझ्या सीटवर बसते, तुझ्या दारानं उतरते, आणि माझी बाजू रिकामी असते. रफिकभाई ढिगावर चढवताना दोन्ही फिरवत होते, म्हणून गाडी चढत होती.

मला एकदा तरी म्हणायचं होतंस, की आज दोन्ही बाजू तू कर. का नाही म्हणालास? पण मी तरी कधी म्हणाले, की मला करू दे?

पलीकडे गेले. चकती चिखलानं घट्ट झाली होती, दोन्ही हात लावावे लागले. त्या दिवशी गाडी ओढा चढून गेली. बागेत पोचल्यावर मी बराच वेळ खाली उतरले नाही.

त्यानंतर रफिकभाईंकडे जायला मला अकरा दिवस लागले. तुला अकरा हा आकडा खरा वाटणार नाही, पण डायरीत पाहिलंय. रोज एक कारण लिहिलं आहे: पेपर तपासायचे, आईंचा दवाखाना, पाऊस. फोनवर सांगता येईल का, असाही विचार केला. ज्या माणसांसमोर बोलले त्यांच्यासमोरच सांगायला हवं, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून तर अकरा दिवस लागले.

आज सांगितलं, सगळ्यांसमोर. मी एकाच बाजूचा हब लॉक करत होते, चूक माझी होती, मी तुमच्यावर संशय घेतला, मला माफ करा. रफिकभाईंनी ऐकून घेतलं. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. "होता है, मॅडम," म्हणाले.

मॅडम. वीस वर्षांत पहिल्यांदा.

चहा मागवला त्यांनी, रीत सोडली नाही. मी स्टुलावर बसून प्यायले. ते कुणाच्या तरी ब्रेकचं काम करत राहिले. गोष्ट निघाली नाही. मी ती मागू शकत नव्हते. तुझ्याबद्दल हसून बोलणारी एकच जागा या शहरात होती आणि ती मी माझ्या हातानं घालवली, हे त्या स्टुलावर बसून कळलं.

निघताना त्यांनी गाडीकडे पाहिलं, वाकून डावी चकती फिरवून बघितली. म्हणाले, "आत माती गेलीय. सोमवारी आणा, खोलून साफ करून देतो." माझ्याकडे न बघता.

सोमवारी मी जाईन, प्रकाश. त्यानंतरही जाईन, आणि पुन्हा पुन्हा माफी मागून त्यांना अवघडवणार नाही. ते मॅडम म्हणतील तितके दिवस मॅडम ऐकून घेईन. हब खोलताना शेजारी बसेन, कसा साफ करतात ते शिकून घेईन, ग्रीसचा डबा हातात देईन. ते बोलले तर ऐकेन. नाही बोलले, तर चहा संपवून घरी येईन.

तुझी,
वैशाली